डाव्या पानावरचा आवाज

१९ ऑगस्ट, मंगळवार

धुराचा आज सहावा दिवस. पलीकडच्या खोऱ्यातलं जंगल पेटलंय आणि इकडे ट्रेलरच्या खिडक्या लावून बसलं तरी चादरींना वास येतो. सकाळी एकही विमान उडालं नाही. मेरिलने मुलांना इंजिनाचे प्लग घासायला बसवलं आणि मी चौदा जणांचे बटाटे सोलले. म्हणजे दोघंही आपापल्या जागी.

आजपासून नवी वही. जुनीसारखीच चालवायची, डावं पान रेडिओचं आणि उजवं माझं. पापुआच्या डोंगरात एकोणीस वर्षं मी मिशनच्या विमानांसाठी रेडिओवर बसले. वैमानिक दर अर्ध्या तासाने सांगणार, कुठे आहे, सगळं ठीक आहे, आणि मी वेळ लिहिणार. इथे मिशनच्या वैमानिक-शाळेनेही तेच काम माझ्या गळ्यात घातलंय, कारण या मुलांना उद्या कुठेतरी तसंच बोलायचंय. शाळेच्या तक्त्यात फक्त वेळ लिहायची असते. मी माझ्या वहीत कोण बोललं तेही लिहिते. म म्हणजे मेरिल, माझा नवरा आणि इथला शिक्षक, बाकी ज्याचं त्याचं अक्षर. शब्द सगळ्यांचे ठरलेले असतात, माणूस कसा आहे ते आवाजावरून कळतं.

हा आमचा इथला सातवा उन्हाळा. पहिल्या वर्षी मेरिल म्हणाला होता, "आर्डी, एकच वर्ष." दर वर्षी तो तेच म्हणतो आणि दर वर्षी मी बटाटे सोलते. लिओना नेब्रास्कात आमच्यासाठी मागची खोली रिकामी ठेवून बसली होती. आता तिने तिथे शिवणयंत्र मांडलंय म्हणे. मला राग आला नाही. कुठल्या मुलीने सात वर्षं खोली झाडून ठेवायची?

२२ ऑगस्ट, शुक्रवार

डोंगरातल्या उड्डाणांसाठी मेरिलकडे या वेळी एकच विद्यार्थिनी दिलीय. तिर्झा बाँट्रेगर, वय चोवीस. नाव वाचलं आणि मी तक्ता खाली ठेवला. हिच्या जन्माच्या वेळी हिची आई तिकडे पापुआत एका गावात अडली होती. मेरिलने ढगांच्या फटीतून विमान काढून तिला दवाखान्यात पोचवलं. रेडिओवर मी होते. त्या दिवशी मेरिल दर अर्ध्या तासाऐवजी दर दहा मिनिटांनी बोलत होता आणि मला तेव्हाच कळलं होतं की तो घाबरलाय.

आज तीच मुलगी दारात उभी राहून म्हणाली, "काकू, मी आत येऊ?" मिशनवर वाढलेली सगळी पोरं सगळ्याच मोठ्यांना काका-काकू म्हणतात, त्यात माझं कौतुक काही नाही. तरी बरं वाटलं. उंच आहे. हात बापासारखे, सुताराचे.

२८ ऑगस्ट, गुरुवार

गुरुवारचं जेवण माझ्याकडे. मीटलोफ, बटाटे, घेवडा. जेवताना मेरिलचा जुना धडा चालतोच. विमानात दोन माणसं आणि दोघांच्या हाताशी विमान वळवायचा एकेक दांडा, तेव्हा विमान कोणाच्या हातात आहे हे क्षणभरही संशयात राहता कामा नये. म्हणून देणारा म्हणतो, "विमान तुझ्याकडे." घेणारा म्हणतो, "विमान माझ्याकडे." मग देणाऱ्याने हात सोडायचा. घेणाऱ्याला घाई असेल तर तो आधी म्हणेल, पण म्हटलं की दुसऱ्याने हात सोडायचाच, वाद जमिनीवर. मेरिल हे ताटावरच शिकवतो.

"घेवडा तुझ्याकडे."

"घेवडा माझ्याकडे."

असं म्हटल्याशिवाय भांडं कुणी सोडायचं नाही. एका नव्या मुलाने नुसतं "थँक्यू" म्हटलं तर मेरिलने भांडं धरूनच ठेवलं, पोरगं ओढतंय आणि हा छताकडे बघतोय. सगळे हसले. दुसरा नियम, ज्याचा हात दांड्यावर त्याचंच तोंड रेडिओवर. हे दोन नियम मी इतक्यांदा ऐकलेत की झोपेत विचारलं तरी सांगेन.

भांडी घासेपर्यंत गुडघे बोलायला लागले. चौदा ताटं, चौदा पेले, आणि देवाची सेवा म्हणून करतोय म्हटल्यावर कुरकुरायचीही सोय नाही. इथे करते.

२ सप्टेंबर, मंगळवार

धूर विरळ झाला. मेरिल आणि तिर्झा पहिल्यांदा एल्क फोर्कला गेले. ती धावपट्टी म्हणजे गवताचा उतार. एकाच बाजूने यायचं, त्याच बाजूने निघायचं, समोर डोंगर. येताना डाव्या हाताला एक फुटका खडक लागतो. तिथपर्यंत मन बदलता येतं. खडक मागे पडला की उतरायलाच लागतं.

दहा वाजून पाच मिनिटांनी मेरिलचा आवाज, "फुटका खडक, उतरतोय." मी पेन टेकवते न टेकवते तोच तिर्झाचा, "वर जातेय." दुसऱ्या फेरीला मात्र खडकही तिने सांगितला, उतरल्याचंही तिनेच.

पहिल्याच दिवशी तो खडक बघून पोरीची छाती दडपली असणार. इतकी, की रेडिओवर बोलायचं कामही मेरिललाच करावं लागलं. शिकेल.

५ सप्टेंबर, शुक्रवार

मेरिलचे डोळे धुराने चुरचुरतात. संध्याकाळचं वाचन हल्ली तो मलाच करायला लावतो. "तुझ्या आवाजात बरं वाटतं, आर्डी." लग्नाला एकावन्न वर्षं झाली, त्यातली पन्नास वर्षं मी फार भराभर वाचते म्हणून हा कुरकुरत होता. म्हातारपणी माणूस गोड होतो म्हणतात, तसं झालं असावं. मी जरा सावकाश वाचलं.

तिर्झाचा आठवड्याचा अहवालही त्याने मलाच लिहायला सांगितला. त्याचं अक्षर कधीच कुणाला लागलं नाही, त्यामुळे बरंच झालं. त्याने सांगितलं, मी लिहिलं. 'एल्क फोर्क. फुटक्या खडकाशी एकदा उतरणं सोडलं.'

११ सप्टेंबर, गुरुवार

या आठवड्यात आणखी दोनदा तेच. मंगळवारी आणि आज. मेरिल उतरतोय म्हणून सांगतो आणि दोन श्वासांत तिचा आवाज, वर जातेय. आजचा आवाज घाबरल्यासारखा नव्हता हे खरं. सपाट होता. पण अति घाबरलेली माणसंही तशीच बोलतात.

जेवणानंतर ती भांडी पुसायला थांबली.

"काकू, काका जे करतात ते सगळ्यांशीच करतात का?"

"काय करतो तो?"

"परीक्षा घेतात ना. मुद्दाम चुकतात."

"अगं, हाडाचा खोडकर आहे तो. गेरिट पापुआत ह्याच्याकडे शिकत होता तेव्हा ह्याने दुसऱ्यांच्या विमानात पाहुणा म्हणून बसून हवेत पेट्रोलचा नळ बंद केला होता. गेरिटने शोधून काढेपर्यंत हा बिस्किट खात बसलेला." गेरिट व्होस म्हणजे आता इथला मुख्य, तेव्हा मेरिलचा शिष्य. अजूनही तो हा किस्सा सांगतो.

ती हसली. मग म्हणाली, "पण पकडल्यावर सांगतात ना, की परीक्षा होती?"

"सांगतो की. 'छान पकडलंस' म्हणतो आणि खिशातली पेपरमिंटची गोळी देतो. तीस वर्षं तेच बक्षीस."

तिने पुसलेलीच बशी पुन्हा पुसली. "मला अजून गोळी नाही मिळाली," म्हणाली.

"मिळेल गं. आधी त्या खडकाशी दोस्ती कर."

तिने फडकं वाळत घातलं आणि गेली. मी जरा लागेल असं बोलले का? दमले होते.

१४ सप्टेंबर, रविवार

काल पाऊस पडून गेला आणि आज समोरचा डोंगर घासून ठेवलेल्या पातेल्यासारखा लख्ख. चर्चला जाताना मेरिल गाडी रस्त्याच्या मधोमध चालवत होता. दुधाच्या गाडीवाल्याने एवढा लांब हॉर्न दिला की माझ्या मांडीवरचा केक हलला. मी म्हटलं, "धूर गेला, आता तरी आपल्या बाजूने चालव." तो म्हणाला, सवय राहिली.

गाणी म्हणताना त्याने पुस्तक उघडलंच नाही. आवाज अजून खणखणीत आहे. दीपगृहाचं चित्र असलेलं हजार तुकड्यांचं कोडं मात्र जुलैपासून टेबलावर तसंच पडलंय, नुसती चौकट लागलेली. आधी मला हातही लावू द्यायचा नाही. मी विचारलं तर म्हणाला, "तुकडेच हरवलेत गं." मी खाली वाकून शोधले. कंबर धरली, तुकडा एकही मिळाला नाही.

१९ सप्टेंबर, शुक्रवार

गेरिट दुपारी रेडिओच्या खोलीत आला आणि दार लावून घेतलं. दार लावलं की समजायचं.

"आर्डिथ, तिर्झाबद्दल मला शांती मिळत नाहीये."

आमच्या लोकांत कुणी सरळ 'नाही' म्हणत नाही. शांती मिळत नाही म्हणतात. नोकरीला नको, लग्नाला नको, तिसऱ्यांदा वाढलेला कोबी नको, सगळ्याला एकच. आणि त्यावर वाद घालता येत नाही, कारण शांती द्यायची की नाही हे वरच्याच्या हातात.

"तीन आठवडे मेरिलचे अहवाल वाचतोय," तो म्हणाला. "तिच्याहून चांगलं विमान या वर्षी कुणी चालवत नाही. पण खडकाशी धीर सोडते. उद्या पापुआत तिच्यामागे आजारी माणूस झोपलेला असेल, तेव्हा काय? तीन ऑक्टोबरला बसून ठरवू. मेरिल, मी आणि ती. तुम्हीही या, तुम्ही तिला ओळखता."

मी म्हटलं, मेरिल सांगेल ते खरं. त्याच्या शब्दावर माणसं डोळे मिटून विमानात बसलीत.

ट्रेलरमध्ये आल्यावर मेरिलला सांगितलं. तो कॉफी ओतत होता, ती कपाबाहेर गेली. मी पुसलं. इथून परत पाठवलेल्यांना दुसरं मिशनसुद्धा घेत नाही. पाच वर्षं तिने सुतारकाम करून इथे यायची तयारी केली. तिच्या बापाला फोन कोण करणार, याचाच मी भांडी लावताना विचार करत होते.

२५ सप्टेंबर, गुरुवार

चौथ्यांदा. नऊ अठ्ठेचाळीस. मेरिलचा आवाज, मग तिचा.

संध्याकाळी शेवटचा अहवाल. मेरिल खिडकीकडे तोंड करून सांगत होता. "लिही, चार वेळा उतरणं सोडलं. चारही वेळा फुटक्या खडकाशी. लिही, बाकी सगळं उत्तम." मी विचारलं, "धीर सोडते असं लिहू?" त्याने चष्मा काढून पुसला. "जे झालं तेवढंच लिही," म्हणाला.

किती न्यायाने वागतो, असं मला वाटलं. मुलीविरुद्ध एक शब्द जास्त नको म्हणून.

जेवला नाही. मी दोन थाळ्यांतलं एकाच डब्यात भरून ठेवलं. लिओनाशी फोनवर बोलले. "आई, या वर्षी तरी?" मी म्हटलं बघू. बघू म्हणायचाही आता कंटाळा येतो.

२९ सप्टेंबर, सोमवार

आज जे झालं ते नीट लिहायला हवं.

गेरिटने फाइलसाठी चार तारखा आणि चार वेळा मागितल्या. मी वही घेऊन बसले आणि फक्त डावी पानं उलटत गेले. मी ती लिहिते, परत कधी वाचत नाही. एकाखाली एक उतरवून काढलं:

१०:०५ म — फुटका खडक, उतरतोय.
१०:०५ ति — वर जातेय.

९:३१ म — फुटका खडक, उतरतोय.
९:३१ ति — वर जातेय.

तिसरं तसंच. चौथं तसंच. मग उरलेली पाहिली. तिने एकटीने खडक सांगितला असे सतरा. सतरा वेळा पुढच्याच ओळीत, ति — उतरले.

पेन हातात तसंच राहिलं. ज्याचा हात दांड्यावर त्याचंच तोंड रेडिओवर. एकावन्न वर्षांत मेरिलने हा नियम एकदाही मोडलेला मी ऐकला नाही. मग तिची हिंमत खचली म्हणून तो बोलत होता, हे मी कशावरून ठरवलं? विमान चारही वेळा त्याच्याच हातात होतं. त्याच्या हातातून तिने घेतलं. आणि नियमाप्रमाणे त्याने हात सोडला.

म्हणजे त्याला माहीत होतं.

त्याने सांगितलेलं एक वाक्यही खोटं नाही. उतरणं सोडलं. कुणी, ते लिहिलेलं नाही. आणि अक्षर माझं आहे.

मला आधी दया यायला हवी होती, आला तो राग. या आठवड्यात विमानांची तपासणी आहे, उड्डाणं नाहीत. नाहीतर मी तशीच उठून गेरिटकडे गेले असते.

३० सप्टेंबर, मंगळवार

जे केलं त्याची मला लाज वाटते. बायबलच्या चेनच्या कव्हरमधून बायबल काढलं आणि चर्चच्या बायकांचं स्वयंपाकाचं पुस्तक आत घातलं. आकार सारखाच. जेवणानंतर मेरिलसमोर ठेवलं आणि म्हटलं, "माझा घसा बसलाय, आज तू वाच."

त्याने चेन उघडली, मध्यावरचं पान काढलं, चष्मा नीट केला आणि एक अख्खं स्तोत्र वाचून दाखवलं. एक शब्द चुकला नाही. पान ट्यूना कॅसरोलचं होतं. वर मेल्बा हार्म्सने काढलेला मासा होता, हाताएवढा.

"मेरिल," मी म्हटलं, "तुझ्या हातात मेल्बाचं कॅसरोल आहे."

त्याने पान बोटांनी चाचपलं. मग पुस्तक मिटलं.

"कधीपासून?"

"मेपासून. मधोमध काही नाही गं. कडेकडेने दिसतं. तू दिसत नाहीस, तुझे कान दिसतात."

"डॉक्टरचा दाखला?"

"वसंतापर्यंत चालतो."

"मी ते नाही विचारलं."

त्याने पुस्तक बाजूला सरकवलं. मी विचारलं, "आणि ती पोरगी?"

"ती वेळेवर घेते," तो म्हणाला. "दर वेळी. ना आधी, ना नंतर. तीस वर्षांत इतक्या वेळेवर माझ्याकडून कुणी घेतलं नाही."

"मग तसं का नाही सांगितलंस लिहायला?"

"तसं लिहिलं की मी संपलो, आर्डी. मग मी काय करायचं? शिवणयंत्राशेजारी बसायचं?" मग हळूच म्हणाला, "ती चोवीस वर्षांची आहे. एखादं वर्ष थांबली तर काय बिघडतं."

एवढ्या वर्षांत या माणसावर हात उचलावासा मला कधी वाटला नव्हता. मी म्हटलं, "एक वर्ष. हे तू मला सात वेळा सांगितलंयस. तिला नको सांगूस." मग दोघंही दमून बसून राहिलो. मी म्हटलं, "शुक्रवारी मी काहीही वाचून दाखवणार नाही. फॉर्म नाही, काही नाही. वही मात्र बरोबर आणणार."

१ ऑक्टोबर, बुधवार

तिर्झाला गोदामात गाठलं. ती शेल्फच्या फळीवर रंधा मारत होती. मी म्हटलं, "मला डावं पान कळलं." तिला वहीची सवय माहीत आहे, जास्त सांगावं लागलं नाही.

"मला आधी खरंच परीक्षा वाटली, काकू. मुद्दाम झाडांवर नेतात आणि बघतात, मी बोलते का. पहिल्यांदा तर मी खूश होते, पकडलं म्हणून."

"मग?"

"तिसऱ्या वेळी मी 'माझ्याकडे' म्हणायच्या आधीच काकांनी हात सोडला होता." तिने रंधा खाली ठेवला. "वाट बघत होते, काकू. मी घ्यायची."

"आणि तू गप्प बसलीस? तुला घरी पाठवतायत."

"मी काय सांगू? मेरिलकाकांना दिसत नाही म्हणून? आई दर वाढदिवसाला तीच गोष्ट सांगते, ढगांची फट आणि काका. मी त्यांचंच नाव सांगून इथे आले. मला वाटलं, देव मला नम्रता शिकवत असेल."

"देवाला दुसरी कामं आहेत," मी म्हटलं. "आणि काकांना दिसत नसताना तू विमानात बसत राहिलीस. त्यात नम्रता कसली? तो मेला असता आणि तूही."

तिच्या डोळ्यांत पाणी आलं. मला जवळ घ्यायला हवं होतं. मी तिच्या केसांतला भुसा काढला, तेवढंच जमलं. मी तिला रागावत होते, पण खरं तर एल्क फोर्कचा प्रत्येक आवाज माझ्याच कानांनी ऐकलाय.

३ ऑक्टोबर, शुक्रवार

गेरिटच्या खोलीत चौघंच. मेरिलने रविवारचा शर्ट घातला होता, बटण एक घर चुकलेलं. एरवी मी लावून दिलं असतं. आज नाही लावलं.

गेरिटने प्रार्थना केली, मग अहवालांवरून भरलेला फॉर्म मेरिलपुढे सरकवला. "मेरिल, तुम्ही मोठ्याने वाचा आणि सही करा. तिच्या तोंडावर वाचायचं असा आपला नियम आहे."

मेरिलने कागद उचलला. नेहमीसारखी त्याची मान माझ्याकडे वळली. मी मांडीवरच्या वहीवर हात ठेवून बसले. मला वाटतं माझ्या आयुष्यात मी इतकं अवघड काम केलेलं नाही, आणि केलं काय, तर काहीच नाही. गेरिटच्या खोलीतलं घड्याळ किती मोठ्याने चालतं.

गेरिट म्हणाला, "आर्डिथ, तुमची शांती काय सांगते?"

"शांतीचं मला माहीत नाही," मी म्हटलं. "वही आहे. पण आधी त्याला वाचू दे."

मेरिलने कागद खाली ठेवला. चाचपत टेबलापलीकडे सरकवला, तिर्झाची बोटं लागेपर्यंत, आणि धरून ठेवला.

"विमान तुझ्याकडे," तो म्हणाला.

तिने माझ्याकडे पाहिलं. मग तिचा तो सपाट आवाज. "विमान माझ्याकडे."

त्याने हात सोडला. ती वाचायला लागली. "दोन सप्टेंबर. फुटक्या खडकाशी उतरणं सोडलं."

"हात माझा होता," मेरिल म्हणाला.

गेरिटने मान वर केली.

"नऊ सप्टेंबर. फुटक्या खडकाशी उतरणं सोडलं."

"हात माझा होता."

"अकरा सप्टेंबर." तिचा आवाज पहिल्यांदाच हलला. "फुटक्या खडकाशी."

"हात माझा होता. मला खडक दिसला नाही. खडक नाही, झाडं नाहीत. तिने घेतलं."

चौथी तारीख तिला वाचताच येईना. मेरिलने ती तोंडपाठ सांगितली, आणि त्याच्यापुढे तेच तीन शब्द. मग खिशात हात घालून पेपरमिंटच्या गोळ्या काढल्या. बोटांनी मोजून चार टेबलावर ठेवल्या.

"छान पकडलंस," तो म्हणाला. "सांगायला उशीर झाला."

गेरिट रडत होता. उघडपणे, नाक पुसत. मला रडू आलं नाही. मला फक्त कुठेतरी आडवं व्हायचं होतं.

बाहेर आल्यावर मेरिलने गाडीची किल्ली काढली आणि माझ्यापुढे धरली. मी ती घेतली. काही म्हटलं नाही, तर त्याने ती सोडलीच नाही. भर अंगणात दोघंही किल्ली धरून उभे.

"माझ्याकडे," मी म्हटलं. मग त्याने सोडली.

९ ऑक्टोबर, गुरुवार

डॉक्टरने मेरिलला सांगितलं तेच, जे मेल्बाच्या माशाने सांगितलं होतं. लिओना शिवणयंत्र हलवतेय. सोमवारी निघायचं. सातशे मैलांहून जास्त, आणि सगळे मीच चालवायचे. नुसत्या विचाराने खांदे भरून आले. नेब्रास्कात मी काय करणार आहे, मलाही माहीत नाही. झोपणार, बहुतेक.

आज तिर्झाची अंतिम परीक्षा, गेरिटबरोबर. मेरिल रेडिओच्या खोलीत माझ्या शेजारी येऊन बसला. सात वर्षांत पहिल्यांदा या बाजूला. त्याला वाटत होतं, इथे काहीतरी दिसत असेल. मी म्हटलं, भिंत आहे, घड्याळ आहे आणि तुझी बायको आहे. "कान दिसतायत," तो म्हणाला.

दहा सोळाला आवाज आला. "फुटका खडक, उतरतेय."

टेबलावर मेरिलची मूठ आवळलेली होती. मी पेन टेकवून ठेवलं. चारदा याच जागी दुसरा आवाज आला होता. मेरिलची बोटं एकेक करून सुटत गेली, हात टेबलावर उताणा पडला.

१०:१६ ति — फुटका खडक, उतरतेय.
१०:१७ ति — उतरले. सगळं ठीक.

बऱ्याच वेळाने तो म्हणाला, "वेळ लिहिलीस?"

"लिहिली," मी म्हटलं.